एकाच ब्रेडचे तुकडे

भावना नंदनवनच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून समोरची अन्विता रोज तिच्या धम्मदीपशी खेळायला यायची. पण खाऊ पुढे केला, की "पोट भरलंय काकू" म्हणत मागे सरायची. आज भावनाने धाकट्या लेकीला कसंबसं झोपवलं, अख्ख्या ब्रेडला आडव्या-उभ्या चिरा दिल्या, त्यात पिझ्झा सॉस आणि चीज कोंबलं आणि झाकण ठेवून तो कढईतच भाजला. ताट मधे ठेवलं, तशी दोघंही त्यावर तुटून पडली.

"अय, माह्यं चीज काहून ओढून राहिली!" धम्मदीप ओरडला.

"तुटूनच नाही राहिलं, तर मी काय करू!" अन्विता तोंडभर घास घेऊन हसली.

भावनाचा जीव भांड्यात पडला. "घे वं, अजून घे," ती म्हणाली.

ताट रिकामं झाल्यावर अन्विता तिच्यामागे स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आईले सांगू नका बरं. 'खेळ, पण त्या लोकांच्या घरचं काही खाऊ नको,' म्हणते ती."



भावनाने नळ सोडला, साबण लावून तिचे हात धुतले आणि ओठाच्या कोपऱ्यात राहिलेला सॉससुद्धा नीट पुसून दिला.