वादीची ओटी

“घोटाभर तर पाणी आहे. यल्ला, निघू,” म्हणत रुपेशने ब्रेकवरचा पाय उचलला.

समोर वादी होती. डोंगरातली, एरवी ठणठणीत कोरडी असणारी नदी. चैत्रात वर कुठे पाऊस झाला की तिला धार येते. सकाळी लेकीने, शर्वाणीने, त्याच पाण्यात बसून गोटे वेचले होते. आता शहरात, अल मनखूलला घरी परतायचं होतं आणि वाट त्या पाण्यातूनच होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं. डोंगरांच्या माथ्यावर मात्र आभाळ काळं झालं होतं.

“अहो, थांबा जरा. सकाळी पाणी नितळ होतं. आता चहासारखं झालंय, काटक्या वाहून येतायत,” सुलक्षणा म्हणाली. “मोबाइलवर वॉर्निंगपण आली होती.”

“वॉर्निंग काय, रोज येते. ही फोर-बाय-फोर आहे मॅडम, लुना नाही!”

“वर पाऊस पडतोय. तासभर थांबलो तर काय बिघडतं?”

“तुला तर बाथटबची पण भीती वाटते.” रुपेश हसला. बायकोचं बोलणं तो या कानाने ऐकायचा आणि त्या कानाने सोडून द्यायचा. त्यात गाडी नवीकोरी. नव्या गाडीवाल्याला ब्रह्मदेवही थांबवू शकत नाही. गाडी उतारावरून सरकू लागली.

सुलक्षणाने एकदम त्याचा हात धरला. “अगंबाई, विसरलेच! सकाळी आईंचा फोन आला होता. तुम्ही अंघोळीला होतात. नव्या गाडीने वाहती नदी ओलांडणार असाल तर आधी तिची ओटी भरा म्हणाल्या. त्याशिवाय चाक पाण्याला लावायचं नाही.”

रुपेशचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. त्याची आई, गिरिजाबाई, कुरुंदवाडला कृष्णाकाठी राहत. त्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. परदेशात आल्यापासून तर मुळीच नाही. खात्री करायला त्याने फोन काढला. डोंगरात रेंज नव्हती.

“ओटीला सामान कुठलं आणणार इथे?”

“कालच्या हळदीकुंकवाचं आहे ना डिकीत. नारळ आहे, ब्लाउजपीस आहे. पण आधी गाडी मागे घ्या, वर त्या सपाटीवर. देवाचं काम चाकाजवळ करायचं का?”

गाडी वर आली. सुलक्षणाला हळदीची पुडी सापडली, तर कुंकवाची सापडेना. तीही सापडली, तर ब्लाउजपीसची घडी मनासारखी होईना.

“डॅड, व्हॉट इज शी डूइंग? आय ॲम हंग्री,” मागून शर्वाणी कुरकुरली.

“अगं, सोड तो नारळ पाण्यात आणि चल. खलास!” रुपेश वैतागला.

“पाण्यात कशाला? इथेच ठेवते. नदीला दिसतं.” तिने ओटी वरच्याच खडकावर ठेवली आणि हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत. ती डोंगराकडे बघत होती.

आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा होतो तसा. मग वळणावरून गढूळ लोंढा उसळत आला, अख्खं झाड पोटात घेऊन. बघता बघता वाट दिसेनाशी झाली. गाडी जिथे असती, तिथे आता पुरुषभर पाणी होतं.

रुपेशने शर्वाणीला गाडीतून उतरवून छातीशी घट्ट धरलं. “डॅड, आय कान्ट ब्रीद,” ती म्हणाली, तरी तो सोडेना. आपण तिघंही आहोत, एवढ्यानेच त्याला रडू फुटलं.

संध्याकाळी पाणी ओसरलं आणि पोलिसांनी वाट मोकळी केली. हमरस्त्यावर रेंज येताच रुपेशने गाडी कडेला घेतली आणि फोन स्पीकरवर लावला.

“आई, तू ओटीचं सांगितलंस म्हणून आज वाचलो गं!”

“मी? कसली ओटी?” गिरिजाबाई गोंधळल्या. “अरे, माझं आणि सुलक्षणाचं परवापासून बोलणंच झालं नाही.”

रुपेशने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण हसू लपत नव्हतं.

“दोनदा माझं म्हणून सांगून पाहिलं,” ती म्हणाली. “मग आईंचं म्हणून सांगितलं.”