ऐकू येण्यापुरतं

पुढच्या दोन्ही सीटा अंगणात होत्या, गालिचा कुंपणावर पडला होता आणि मास्तर गाडीत गुडघ्यांवर बसून उघड्या पत्र्यावर टिचक्या मारत होते. पत्रा ठणठण वाजत होता. उद्या सकाळी सातला निघायचं होतं.

"बाबा, सरळ टॅक्सी करा ना," लेक फोनवर वैतागली होती. "परवा आईचं ऑपरेशन, आणि आज तुम्ही गाडी उसवून बसलाय!"

"टॅक्सीत परक्या माणसासमोर ती तोंड उघडत नाही," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी चाळीस वर्षांची. इंजिनाची धग तळातून वर यायची आणि खडखडाट असा, की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागायचं. पूर्वी त्याचं काही वाटत नसे. मास्तरांच्या बायकोने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली होती. निम्मं गाव तिला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती कुजबुज.

घरात ती कुजबुज कळायची. गाडीत नाही. डॉक्टर अडीच तासांवर. दर खेपेला वाटेत ती काहीतरी बोलायची. मास्तर ओरडायचे, "काय? जरा मोठ्याने!" आणि स्वतःच ओशाळायचे. ती हातानेच 'राहू द्या' म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. दुसऱ्या ऑपरेशनने आवाज परत येईल, नाहीतर आहे तेवढाही जाईल. मास्तरांनी जेवताना तिला विचारलं, तिने मान डोलावली, तारीख ठरली. तेव्हापासून मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेपर उघडायचे आणि तसाच मिटायचे. रोज एकच हिशेब मनात यायचा. ऑपरेशन फसलं, तर तिकडे जातानाचे अडीच तास शेवटचे. त्यातला एक शब्दही वाया जाऊ द्यायचा नव्हता.

त्यांनी तळाला चिकटवलेला लोकरीचा कुजलेला जुना नमदा खरवडून काढला. गंज घासला, पत्रा रॉकेलने पुसून कोरडा केला. वर्तमानपत्राचे कागद तळावर अंथरून माप घेतलं आणि त्याबरहुकूम आवाज दाबणारे, चंदेरी पाठीचे डांबरी तक्ते कापले. उन्हात मऊ झालेला एकेक तक्ता चिकटवायचा, वरून लाकडी रूळ दाबून फिरवायचा, खाली हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. त्यावर उष्णता अडवणारा फोम.

"मास्तर, गाडीला गोधडी शिवताय का?" कोपऱ्यावरचा गॅरेजवाला कुंपणावरून डोकावला. मास्तर हसले नाहीत. घाईत सीटच्या बोल्टांची भोकंच तक्त्याखाली गेली होती. ती दाभणाने चाचपडून शोधताना तक्त्याच्या चंदेरी पाठीच्या धारेने बोट कापलं.

बायको अंगणातल्या सीटवर बसून मटार सोलत होती. तिने उठून बोटाला चिंधी बांधली.

दिवेलागणीला गालिचा परत बसला. मास्तरांनी तळावर मूठ आपटली. आवाज आला, ठप्प. उशीवर आपटावी तसा.

सकाळी गाव मागे पडलं. गाडी पळत होती आणि आत शांतता होती. इंजिन दुसऱ्याच कुणाच्या गाडीत असावं, तसं लांबून घुमत होतं. मास्तरांनी तोंड उघडलं नाही. फक्त वाट पाहिली. एक पूल गेला. पेट्रोलपंप गेला. घाट सुरू झाला.

"मला ऑपरेशन नको."

एकेक अक्षर नीट पोचलं. समोर वळण होतं, मास्तरांना मान वळवता येईना.

"हे आज सांगतेस?"

"तारीख ठरल्यापासून चारही खेपांना सांगितलं. गाडीला ऐकू गेलं, तुम्हाला नाही." ती दम घेऊन पुढे म्हणाली, "एवढा आवाज मला पुरतो. पोरीशी फोनवर बोलता येतं. हाही गेला तर मी काय करू?"

"मला वाटलं, तुला तुझा आवाज परत हवाय."

"तो तुम्हाला हवाय."

वळणं संपली. मग रस्ता रुंद झाला. मास्तरांनी वेग कमी केला, आरशात पाहिलं आणि गाडी घराच्या दिशेने वळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं हललं होतं. पण एक गोष्ट काही केल्या उलगडेना.

"घरी का नाही सांगितलंस? तिथे मला तुझं सगळं ऐकू येतं. मी विचारलं, तर तू मान डोलावलीस."

मग तिची कुजबुज आली, अगदी स्पष्ट.

"घरी तुम्ही माझ्याकडे इतक्या आशेने बघता, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. गाडीत तुमची नजर रस्त्यावर असते."