जाकिटाचं माप

प्रेमानंदचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि इंद्रभान गुरुजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात असं कधी झालं नव्हतं. प्रेमानंदच्या गावी, बीबीला, त्याच्या नातीचं लग्न होतं. ‘आठ दिवस आधी ये, फक्त तारीख कळव,’ एवढंच मित्रानं लिहिलं होतं. ती तारीखच गुरुजींना लिहवत नव्हती.

आरशासमोर त्यांनी पुन्हा एकदा नवं जाकीट चढवलं. खांदे दंडावर उतरले. बटणं लावली तरी आत एक उशी मावली असती. सुनेनं, धम्मशीलानं, खास या लग्नासाठी ते मोबाइलवरून शिवून मागवलं होतं. मापं गुरुजींनीच दिली होती. गावातल्याच, देऊळघाटच्या ज्ञानेश्वर टेलरची जुनी पावती दोन वर्षं एका पुस्तकात खूण म्हणून पडून होती, तिच्यावरून उतरवलेली. टेलरकडे जाऊन नव्यानं माप घ्यायला त्यांना संकोच वाटला. शिवायचं दुसऱ्याकडे आणि माप मागायचं याला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

धम्मशीलानं कंपनीत फोन केला होता. ‘दिलेल्या मापाप्रमाणेच शिवलंय,’ असं तिकडून ठणकावून सांगण्यात आलं. तेव्हापासून गुरुजींना जेवण जात नव्हतं. जाकीट बरोबर असेल, तर बिघडलेलं एकच उरत होतं. अंग. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी सदरे सैल झाले, मग चार महिन्यांत माणूस गेला. गुरुजींना दवाखान्यात जायचा धीर होत नव्हता, आणि ‘लग्नाला येतो’ असं लिहायचाही.

“बाबा, नुसतं पाहत काय राह्यले? ज्ञानेश्वरभाऊले नेऊन द्या, आत घेऊन देतीन ते,” असं म्हणत धम्मशीलानं पिशवी त्यांच्या हातात दिली.

ज्ञानेश्वरनं जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

“कोन्या पहिलवानाचं आणलं गुरुजी हे?”

गुरुजींनी मान खाली घातली. “माझंच आहे. मोबाइलवरून मागवलं. माप तुमच्या पावतीवरचं, छाती बेचाळीस. मीच वाळलो, ज्ञानेश्वरराव.”

टेलरनं गळ्यातला टेप काढून त्यांच्या छातीभोवती फिरवला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

“अडतीस.”

दोन वर्षांत चार इंच!

ज्ञानेश्वरनं फळीवरची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हे पाहा. तवाही अडतीसच होती.”

“पण पावतीवर तर बेचाळीस...”

“ते जाकिटाचं माप हाय गुरुजी, अंगाचं नाही. चार इंच ढिलाई धरूनच लिहितो मी पावतीवर. कंपनीवाल्याले वाटलं अंगच बेचाळीसचं, त्यानं आपले चार अजून सोडले. मले लाजून माप चोरलं, अन् झालं काय?”

गुरुजी स्टुलावर बसले.

“म्हणजे मी वाळलो नाही?”

“काऊन वाळसान?” ज्ञानेश्वरनं टेप पोटाभोवती नेला आणि वहीशी ताडून पाहिलं. “पोट तर अर्धा इंच वाढलं तुमचं.”

जाकीट तिथंच टाकून गुरुजी उठले. “अवो, आत किती घेऊ थे तं सांगा!” टेलर मागून ओरडला. पण ते रस्ता ओलांडून पोस्टात शिरलेही होते.

एरवी गुरुजी पत्र आधी कच्चं लिहीत, दोनदा खोडत आणि मग पक्कं करत. आज त्यांनी खिडकीवरच कार्ड घेतलं, उभ्या उभ्या लिहिलं, आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं:

‘प्रेमानंद, वीस तारखेला येतो. तब्येत ठीक आहे. पोट अर्ध्या इंचानं वाढलं आहे.’