सगळे एकदम चहाला

दुपारी सव्वातीनला शलाकाचा फोन एकदाच वाजून थांबला. कँटीनवाल्या सोनवणे मावशींचा मिस्ड कॉल! डबा तसाच उघडा टाकून ती सर्व्हरच्या खोलीकडे धावली.

रुग्णालयाचा सर्व्हर तीच सांभाळायची. तो बंद पडला की तिला ईमेल यायचा. गेल्या महिन्यात मात्र तो ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला आणि पाऊण तास तिला पत्ताच नाही. रक्तपेढीत पिशव्या होत्या, पण नोंदी उघडेनात म्हणून देता येईनात. एक बाळंतीण मरता मरता वाचली.

"मला तर तेव्हाच कळलं होतं," मावशी नंतर सहज म्हणाल्या होत्या. "खिडक्यांवरचे सगळे क्लार्क एकदम चहाला आले, की तुमचं मशीन बसलं समजायचं."

"मग सांगितलं का नाही?"

"मला कोण विचारतं, मॅडम?"

त्याच दिवशी शलाकाने त्यांना आपला नंबर दिला होता.

आज सहा मिनिटांत सर्व्हर सुरू झाला. रक्तपेढीतून पिशवी निघाल्याची खात्री करून, घाम पुसत ती कँटीनमध्ये आली. टेबलांवर अर्धवट प्यायलेले कप तसेच पडले होते.

"झालं ना चालू? चहा टाकून पळाले सगळे," मावशी म्हणाल्या. तेवढ्यात शलाकाच्या फोनवर ईमेल आला: सर्व्हर बंद पडला आहे.

मावशींनी तिच्यापुढे चहा ठेवला. "परवा भाचीचं लग्न आहे. कँटीन बंद ठेवीन म्हणते. पण म्हटलं, तुम्हाला विचारूनच जावं."

शलाकाने कप बाजूला सारला. "परवा तुमच्याऐवजी चहा कोण करेल, मावशी?"