ढगाला पाणी

पावसाने ओढ दिली होती. कल्याणजवळच्या शेतात गुणाजींची भाताची रोपं विहिरीच्या पाण्यावर कशीबशी तगून होती. हवामानशास्त्र शिकणारी त्यांची नात समीक्षा काल सहज बोलून गेली होती, "आजोबा, ओल्या शेतांची वाफ वर जाते, तिनेच इथले ढग भरतात."

आज ती आली, तर लावणीचं सगळं रिकामं शेत चिंब भिजलेलं आणि विहिरीचा तळ उघडा.

"आजोबा, आता रोपांना काय घालणार?"

"पाऊस येल ना. तूच बोललेलीस."

समीक्षाला त्यांच्याकडे बघवेना. "एवढ्याशा शेताने ढग नाही भरत, आजोबा. सगळा पट्टा ओला लागतो."

गुणाजी बांधापलीकडे, शेजाऱ्यांनी विकलेल्या शेतांवर उभ्या राहिलेल्या टॉवरांकडे बघत राहिले.

"म्हंजे मी एकट्याने जमीन नाय विकली, ते फुकटच गेलं?"