साचेखात्यातलं जेवण

"आजोबा, जरा हळू बोला," वेटर बाबांना म्हणाला.

याच गिरणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कापड विणायचे साचे चालवले. आता त्याच साचेखात्यात हॉटेल झालंय. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून कामगार नुसते ओठ हलवून बोलायचे. त्या आवाजातच बाबांचे कान गेले. समोरच्या चाळीतल्या, साच्यावरच्या जोडीदाराशी ते गॅलरीतूनही तसंच मुक्यानं बोलत. बघून बघून मीही ती बोली शिकलो, हे मात्र त्यांना ठाऊक नाही.

आज तोच जोडीदार काचेच्या दाराबाहेर वॉचमनच्या कपड्यांत उभा होता. मी मोबाईलमध्ये डोकं घातल्याचं सोंग केलं. बाबांचे ओठ हलले, "पोरानं हौसेनं आणलंय रे. घास उतरत नाही. त्याला कळू देऊ नको."

बाहेरचे ओठ हलले, "जेव गुमान. तू निदान आत आहेस."

मी मोबाईल खाली ठेवला. बाबांनी घाईघाईनं मोठा घास तोंडात कोंबला.

"झकास आहे रे जेवण!" ते ओरडले. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

"हो ना, बाबा!" मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडलो.