जळणाचा रकाना

नूरीन जिल्ह्यातल्या प्रदूषणाची मोजदाद करायला गुऱ्हाळागुऱ्हाळांतून फिरत होती. कुठं काय जाळतात, ते फॉर्मवर लिहायचं होतं. मलकापूरजवळच्या गुऱ्हाळाचा मालक म्हणाला, "जळण? चिपाडं की." पण गुळाच्या कढईखालच्या चुलवाणामागं जुन्या टायरांचा ढीग होता. तिनं फोटो काढला, तसं मालकानं फाटक लावून घेतलं. "फोटो पुसा, म्याडम. चिपाडंच लिवा, तवाच भायेर जाशिला." तेवढ्यात चुलवाणाला जाळ घालणारी भामाबाई खोकत उठली. तिनं सरळ जाऊन फाटक उघडलं. "टायरच जाळतोय आमी. खरं लिव बाय, आन् पळ." नूरीननं घाईनं 'टायर' लिहिलं आणि स्कूटर बाहेर काढली. आरशात मालक दिसला, दांडकं घेऊन भामाबाईकडं निघालेला. नूरीननं स्कूटर वळवली, फाटकातून आत घातली आणि ओरडली, "मावशी, बसा मागं!"